बस

नाखवा जुमा ओरडला, "बस!"
आणि हेरंब बसला.

जेवायला हाक आल्यासारखा, मांडी घालून,
ओल्या दोराच्या वेटोळ्यात.

उम्म अल क्वैनपासून बारा मैल बाहेर होतो आम्ही.
पहाटेचे साडेपाच, पाणी तेलासारखं सपाट.
अपघाताला वादळ लागतं असं घरच्यांना वाटतं.
त्या दिवशी डिंगीवरचं फडकंसुद्धा हलत नव्हतं.

तळावरून गरगूर वर येत होता.
गरगूर म्हणजे तारेचा घुमट, आत शिरलेला मासा परत येत नाही.
आत दोन हामूर, आपल्याकडचा गोबरा तो हाच.
रहाट दोर ओढत होता, दोर फळीवर साचत होता,
आणि रहाटाचा दांडा हेरंबने सोडून दिलेला,
कारण थोर माणसाने सांगितलं, बस.

अरबाची बस म्हणजे पुरे.
आपलीही बस म्हणजे पुरेच की,
पण पाजपंढरीहून चौथ्या दिवशी
बोटीवर उभं राहून पोटऱ्या भरून आलेल्या पोराला
दुसरा अर्थ आधी ऐकू येतो.

गरगूर कठड्याला अडकला.
रहाट ओढतच राहिला.
मग दोर खाचेतून निसटला
आणि वर आलेलं सगळं खाली निघालं,
सोळा वाव दोर, घुमट, गोबरे,
एक एक वेढा फळीवरून उडत,
त्यातला एक हेरंबच्या घोट्याभोवती.

दोरकुळकर त्याचं आडनाव.
हे मला तेव्हा आठवलं नाही, रात्री आठवलं.

सुरी माझ्या कमरेला होती.
सुरी कमरेला हवी, पेटीत नको,
हे सद्रुद्दीनचाचाने एकदाच सांगितलं होतं दाभोळला,
डाव्या पायाच्या जागी लाकूड असल्यामुळे
त्याला दोनदा सांगावं लागत नसे.

दोर कापताना आवाज झाला नाही फारसा.
पाण्यात मात्र झाला.

जुमाने आधी गरगुराचे पैसे मोजले, मोठ्याने,
मग पोराचा घोटा पाहिला,
सोललेला, गोल, पैंजण काढल्यासारखा,
आणि मोजणं मध्येच थांबवलं.

दुपारी खाडीत परतल्यावर शब्दावरून वाद.
मी म्हणालो, आपले खलाशी म्हणतात तसं आरिया म्हणू.
कोणी म्हणालं आरिया म्हणजे सोड, थांब नव्हे.
जुमा म्हणाला, खलास.
हेरंब पांढरा पडला.
आमच्याकडे खलास माणूस होतो, काम नाही.

अरोक्यम मेकॅनिक या सगळ्यात नव्हता.
तूतुकुडीचा, उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट.
बाकीची तीन कुठल्या रहाटाने घेतली
ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही
त्याच्याकडून चहाचा कप घेताना तिकडे पाहत नाही.
तो भंगारातल्या पिकअपच्या क्लचची स्प्रिंग घेऊन आला
आणि संध्याकाळपर्यंत दांड्यापाशी उकिडवा बसून राहिला.

आता दांडा धरून ठेवला तरच रहाट फिरतो.
हात सुटला, घसरला, घाबरला,
नमाजाला गेला, कुणी काहीही ओरडलं,
दांडा आपला आपण मागे येतो.
सलग धरून मनगट दुखतं म्हणून
हेरंब अजून कुरकुरतो. कुरकुरू दे.
फळीवर पिवळा अर्धगोल त्यानेच रंगवला,
थोडा वाकडा, आत कुणी उभं राहायचं नाही.
एक गल मात्र रोज उभा राहतो.

मे महिन्यात मी सुट्टीवर आलो.
त्याने दिलेली खजुराची पिशवी द्यायला पाजपंढरीला गेलो.
त्याची आई सुकट निवडत होती,
सूप बाजूला सारून म्हणाली,
"बस रे, उभा का?"

मी आधी पायाखाली पाहिलं.

"काय पडलं का तुझं?"
नाही, म्हटलं, काही नाही.
चटई होती. एक मांजर होतं.
बसलो.